‘चीट’ शब्दाचे वचन आणि इंग्रजी घरातील नक्षी

एकाच दालनात भिन्न नक्षीची कापडे एकत्र नांदविणे हा आज गृहसजावटीतील व्यक्तिगत अभिरुचीचा प्रश्न मानला जातो. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंडात तो व्यापाराचा आणि पुढे कायद्याचाही प्रश्न झाला होता. या इतिहासाचा एक साक्षीदार म्हणजे इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा शब्द. त्याची व्युत्पत्ती कोशांत सापडते. त्याच्या वचनाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

मूळ शब्द हिंदी ‘छींट’. शिंतोडा, ठिपका हा त्याचा अर्थ. मराठीत तोच ‘चीट’ होऊन परकराच्या व खोळीच्या कापडाला लागला. ५ सप्टेंबर १६६३ रोजी सॅम्युएल पीप्स याने पत्नीच्या नव्या अभ्यासिकेला आतून लावण्यासाठी हे कापड विकत घेतले. रोजनिशीत त्याने ‘चिंट’ असे एकवचनच लिहिले आहे, व पुढे हिंदुस्थानी रंगविलेले सुती कापड, असा खुलासाही जोडला आहे. म्हणजे शब्द तेव्हा नवखाच होता. पुढे व्यापारात ‘चिंट्स’ हे अनेकवचन अधिक चालले आणि तेच एकवचन समजले गेले. ही केवळ कानाची चूक नसावी. हे कापड ग्राहकासमोर एकटे येत नसे, नाना नक्षींच्या गठ्ठ्यातून येई. अनेकवचनच त्याचे स्वाभाविक रूप होते, असे आमचे अनुमान आहे.

गठ्ठ्यातील नक्षी तरी निर्भेळ हिंदुस्थानी होती काय? १६४३ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी येथील नोकरांना कळविले होते की, गडद लाल जमिनीच्या रजया सर्व गिऱ्हाइकांना रुचत नाहीत. पांढरी जमीन अधिक ठेवावी, फुले व फांद्या रंगीत असाव्यात. पुढे विलायतेहून नमुनेच येऊ लागले. कारोमांडलच्या किनाऱ्यावरील चिताऱ्याने मेण, नीळ आणि तुरटी यांच्या साह्याने जो वृक्ष पलंगपोसावर उभा केला, त्यात इराणी, चिनी व युरोपीय रेषा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. नक्षींची सरमिसळ दालनात होण्यापूर्वीच सुतावर झालेली होती.

धुतल्याने न जाणारा रंग हे या कापडाचे खरे बळ. १७०८ मध्ये डॅनिएल डीफोने तक्रार केली की हे कापड घरांत शिरले, आणि पडदे, उशा, खुर्च्या व शेवटी बिछानेही त्याचेच झाले. रेशीम व लोकर विणणाऱ्यांची उपासमार हा त्या तक्रारीचा गाभा होता. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात स्त्रियांच्या अंगावरील छापील वस्त्रे फाडली. रंगविलेल्या हिंदुस्थानी कापडाच्या देशांतर्गत वापरासाठी होणाऱ्या आयातीवर १७०० च्या कायद्याने बंदी होतीच. १७२० च्या कायद्याने बिछाना, खुर्ची, उशी, खिडकीचा पडदा अशी नावे घेऊन वापरही निषिद्ध ठरविला. कायद्याचे ते कलम वाचताना एखाद्या घराच्या सामानाची यादी वाचल्याचा भास होतो.

१७७४ मध्ये ब्रिटिश बनावटीच्या छापील सुती कापडाला मोकळीक मिळाली. हिंदुस्थानी मालाला नाही. म्हणूनच नट डेव्हिड गॅरिक याच्या घरासाठी कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी भेट पाठविलेले मच्छलीपट्टणचे पलंगाचे पडदे १७७५ मध्ये जकातवाल्यांनी जप्त केले. तो पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

पुढे यंत्रावर छापलेली स्वस्त चिटे घरोघर झाली आणि शब्दाची प्रतिष्ठा गेली. १८५१ मधील एका पत्रात जॉर्ज एलियट कापडाच्या नमुन्यांविषयी लिहिते की, ठिपक्यांचे कापड प्रतीने सर्वांत चांगले, पण ते ‘चिंट्झी’ दिसते. ‘छींट’ म्हणजेच ठिपका, हे तिला कोणी सांगितले नव्हते.