माझं मत नेमकं कुठे गेलं?

दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की आमची थोरली मला फोनवर विचारते, "बाबा, या वेळी नीट बघून मत दिलंस ना?" ती हसत विचारते, मीही हसतो. पण हाच प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला तो २००० साली. तेव्हा ती नववीत होती, हसत नव्हती आणि मी तिच्याशी चक्क खोटं बोललो होतो. ती गोष्ट एकदा लिहून काढायची बरेच दिवस मनात होतं. आज मुहूर्त लागला.

आम्ही राहतो फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत. नाव ऐकलं की लोकांना समुद्रकाठचे कोट्यधीशांचे बंगले दिसतात. ते आहेत, पण एका चिंचोळ्या पट्टीत. आमच्या बाजूला न्यूयॉर्कहून निवृत्त होऊन ऊन खायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या वसाहती. शेजारी बरेचसे ज्यू. त्यांच्यात आम्ही एक मराठी बिऱ्हाड.

१९९९ साली आम्ही दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. ओसीआय वगैरे भानगड तेव्हा नव्हती. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपलं, विषय संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मताने पडलं होतं आणि आता तिकडच्या कुठल्याच मताशी आपला संबंध उरणार नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं. ही मात्र व्यवहारी. म्हणाली, "इतकी वर्षं नुसता टॅक्स भरतोय, आता निदान मत तरी देता येईल."

मत देणं ही माझ्या लेखी साधी गोष्ट नव्हती, कारण मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं ते मार्च १९७७ मध्ये, पुण्यात. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं, मी बावीसचा. आणीबाणीनंतरची निवडणूक. जनता पक्षाला स्वतःचं चिन्ह नव्हतं, त्यामुळे उमेदवार भारतीय लोक दलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर उभे होते. चिन्हासमोर शिक्का मारायचा, शाई दुसऱ्या चिन्हावर उमटणार नाही अशी उभी घडी घालायची आणि कागद पेटीत टाकायचा. केंद्रावरचे गृहस्थ, बहुतेक कुठल्यातरी शाळेतले मास्तर असावेत, प्रत्येकाला ती घडी घालून दाखवत होते. अक्षरओळख नसलेल्या बायकाही आत जाऊन निःशंकपणे बाहेर येत होत्या. पुण्यात मोहन धारिया निवडून आले, रायबरेलीत खुद्द इंदिराबाई पडल्या. कागदावरच्या शिक्क्याने सरकार जातं हे मी पाहिलेलं होतं. ते डोक्यात घेऊन मी ७ नोव्हेंबर २००० च्या सकाळी, ऑफिसला जाण्याआधी, वसाहतीच्या क्लबहाउसात रांगेत उभा राहिलो.

आता ते यंत्र. यंत्र कसलं, एक घडीचं टेबल, त्यावर एक जाडसर पुस्तिका आणि साखळीला बांधलेला दाभणासारखा टोच्या. तुमच्या हातात एक कार्ड देतात. ते पुस्तिकेखालच्या फटीत सरकवायचं, वरच्या दोन खिळ्यांत अडकवायचं आणि पुस्तिकेतल्या नावाशेजारच्या भोकातून टोच्या दाबायचा. खाली कार्डाचा टिचभर तुकडा निघून पडतो. निदान पडावा अशी अपेक्षा असते. त्या तुकड्याला चॅड म्हणतात, हे पुढे महिनाभर साऱ्या जगाला पाठ झालं.

अध्यक्षपदाला दहा उमेदवार होते. एका पानावर मावत नव्हते. आमच्या काउंटीच्या निवडणूक अधिकारी थेरेसा लपोर यांनी म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी ठेवली आणि नावं समोरासमोरच्या दोन पानांवर छापली. भोकांची रांग मधोमध. फुलपाखराच्या पंखांसारखी, म्हणून ती बटरफ्लाय मतपत्रिका. डाव्या पानावर पहिले बुश, दुसरे गोर. उजव्या पानावर पहिले पॅट ब्यूकॅनन. पण ब्यूकॅनन यांचं भोक या दोघांच्या मध्ये! म्हणजे बुश तीन नंबर, ब्यूकॅनन चार, गोर पाच. गोर यांचं नाव डावीकडे दुसरं, पण भोक तिसरं. हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. बाई स्वतः तेव्हा गोर यांच्याच पक्षाच्या होत्या आणि नमुना आधी दोन्ही पक्षांना पाठवलेला होता. कोणीही हरकत घेतली नाही.

मला गोर यांना मत द्यायचं होतं. मी डावीकडचं दुसरं नाव वाचलं आणि टोच्या दाबला. टक्क असा आवाज झाल्यासारखं आठवतं. कार्ड काढलं, पाकिटात घातलं, पेटीत टाकलं. रांगेत मागे लोक होते, ऑफिसला उशीर होत होता.

आणि इथे खरी मेख आहे. त्या कार्डावर उमेदवाराचं नाव नसतं. नुसते आकडे आणि भोकं. बाहेर काढून पाहिलं तरी आपण कुणाला मत दिलं हे उमगत नाही. पुण्यात शिक्का चिन्हाशेजारी दिसायचा, चुकला तर चुकलेला दिसायचा.

दुपारी ऑफिसात कुजबुज सुरू झाली. कुणाच्या आईने फोन करून विचारलं होतं, चार की पाच? ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी डोळे मिटून आठवू लागलो. जितकं आठवावं तितकं ते पान पुसट होत गेलं. संध्याकाळपर्यंत मला चारही आठवत होतं आणि पाचही.

रात्री टीव्हीवर जे झालं ते सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. आठ वाजायच्या आत वाहिन्यांनी फ्लोरिडा गोर यांना दिलं, दहाच्या सुमारास परत घेतलं, पहाटे दोन वाजून गेल्यावर बुश यांना दिलं. गोर यांनी बुश यांना फोन करून हार मान्य केली, नॅशव्हिलमध्ये भाषणाला निघाले आणि वाटेत आकडे बदलताहेत हे कळल्यावर पुन्हा फोन करून ती कबुली मागे घेतली! अख्ख्या देशाचा निकाल आमच्या राज्याच्या २५ मतांवर येऊन अडकला. सुमारे साठ लाख मतांत २६ नोव्हेंबरला अधिकृत फरक जाहीर झाला तो ५३७ मतांचा. देशभरात मात्र गोर यांना पाच लाखांहून अधिक मतं जास्त होती.

आमच्या काउंटीत ब्यूकॅनन यांना चौतीसशेच्या आसपास मतं पडली. त्यांच्यावर ज्यूद्वेषाचा आरोप होत आलेला, त्यामुळे आमच्या वसाहतींत त्यांना मत देणारे शोधूनही सापडले नसते. खुद्द ब्यूकॅनन यांनीच टीव्हीवर सांगून टाकलं की ही मतपत्रिका पाहता यातली पुष्कळ मतं गोर यांचीच असावीत. शिवाय एकोणीस हजारांहून जास्त कार्डं दोन-दोन भोकं पडल्याने बाद झाली. चूक कळल्यावर लोकांनी घाईघाईत दुसरं भोक पाडलं असणार. शेजारच्या आजी, मूळच्या ब्रुकलिनच्या, जिन्यात बसून रडल्या. त्यांच्या माहेरची माणसं हिटलरच्या छावण्यांत गेली होती. "मी त्या माणसाला मत दिलं असेन तर?" एवढंच त्या म्हणत होत्या.

त्या रडल्या, रस्त्यावर आल्या, पत्रकारांना नाव देऊन बोलल्या. मी काही बोललो नाही. रेडिओवर टिंगल चालली होती की ज्यांना साधं कार्ड टोचता येत नाही त्यांनी मत देऊच नये. मी इंजिनिअर, आयुष्य मशीन ड्रॉइंग वाचण्यात गेलेलं. त्यातून नवा नागरिक, परीक्षा पास होऊन आलेला. मला मतपत्रिका वाचता आली नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार? थोरलीने जेवताना विचारलं, "बाबा, तू पाच नंबरच दाबलास ना?" मी म्हणालो, "अर्थात." हिने माझ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढली.

पुढचे पाच आठवडे कार्डं उजेडाकडे धरून डोळे बारीक करणारे अधिकारी आणि कोर्टाच्या तारखा. आमच्या काउंटीने थँक्सगिव्हिंगची सुट्टी घेतली आणि मग फेरमोजणी पोचवण्याची मुदत जेमतेम दोन तासांनी चुकवली. यावर मी आजही चिडतो. फुलपाखराविरुद्धचा दावा फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबरला फेटाळला. १२ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी मोजणी थांबवली.

त्या दिवसांत मी लायब्ररीतून पुस्तकं आणून १८७६ ची निवडणूक वाचून काढली. तेव्हाही वादात हेच फ्लोरिडा, सोबत लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना. टिल्डन यांना लोकांची मतं जास्त, पण पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात असा कौल देत हेझ यांना १८५ विरुद्ध १८४ ने निवडून दिलं. निकाल लागला मार्च १८७७ मध्ये, माझ्या पुण्यातल्या शिक्क्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी. पाठोपाठ दक्षिणेत उरलेलं केंद्राचं सैन्य बाजूला झालं आणि तिथल्या काळ्या लोकांचा मताधिकार हळूहळू हिरावला गेला, तो खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला. हे वाचल्यावर स्वतःच्या दुःखाचं माप जरा आटोक्यात आलं. २००० सालीही जॅक्सनव्हिलकडच्या डुव्हाल काउंटीत नावं एकापाठोपाठ दोन पानांवर होती, छापलेल्या नमुन्यात मात्र प्रत्येक पानावर मत द्या अशी सूचना! वीस हजारांहून जास्त मतं बाद झाली, त्यांत काळ्या वस्त्यांतली फार मोठ्या प्रमाणावर. आमच्या म्हाताऱ्यांच्या दारात कॅमेरे आले. तिकडे फारसं कोणी फिरकलं नाही.

नंतर अभ्यास झाले. २००१ साली काही राज्यशास्त्रज्ञांनी आमच्याच काउंटीतली टपाली मतं ताडून पाहिली. टपालाच्या मतपत्रिकेत फुलपाखरू नव्हतं आणि तिथे ब्यूकॅनन यांचं प्रमाण कितीतरी कमी निघालं. त्यांच्या हिशेबाने दोन हजारांहून जास्त मतं चुकून गेली असावीत. ५३७ च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. त्या दोन हजारांत मी आहे का? तीन शक्यता आहेत: पाच, चार, किंवा अर्धवट लटकलेला चॅड. तिन्हींपैकी कोणतीही मी शपथेवर सांगू शकत नाही.

६ जानेवारी २००१ ला उपाध्यक्ष म्हणून गोर यांनाच संसदेत मतमोजणीच्या अध्यक्षस्थानी बसावं लागलं. फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घ्यायला प्रतिनिधी एकामागून एक उठत होते. पण एकाही सिनेटरची सही नाही म्हणून गोर स्वतःच्याच बाजूच्या त्या हरकती नियमाने फेटाळत गेले. वीस वर्षांनी त्याच तारखेला त्याच इमारतीत काय घडलं ते मी टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला ते आठवले.

त्याच सुमारास, जानेवारी २०२१ मध्ये, थोरलीला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. आई आमटी वाढताना काहीच बोलली नव्हती."

पंच कार्डं गेली. २००२ च्या कायद्याने पैसे दिले, मग टचस्क्रीन आले, तेही गेले. आता पुन्हा कागद आहे: नावाशेजारचा लंबगोल काळ्या पेनाने भरायचा. २०२४ साली मी नाव, गोल, पुन्हा नाव असं बोट ठेवून वाचलं. मागची बाई दोनदा खाकरली. मी तिसऱ्यांदा वाचलं.