तोतोरोचे जंगल आणि मेंढ्याचे जंगल

१/ जपानच्या आइची प्रांतात नागाकुते नावाचे शहर आहे. तेथील ‘घिबली पार्क’च्या एका दालनात रेल्वेचा डबा उभा आहे. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या चित्रपटातला मुखवट्याचा ‘काओनाशी’ त्यात बसलेला असतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी असते. तिथे जाऊन बसलेला प्रेक्षक चित्रपटातील प्रसंगाचा भाग होतो. पाहणाऱ्याला चित्राच्या आत घेणारे हे प्रदर्शन ज्या जमिनीवर उभे आहे, तिचा इतिहास धानोऱ्याच्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

२/ या कल्पनेचे मूळ तोक्योजवळच्या मिताका येथे आहे. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या कल्पनेतून साकारलेले घिबली संग्रहालय तिथे १ ऑक्टोबर २००१ रोजी उघडले. आत फिरण्याचा ठरावीक मार्ग नाही आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि वाट चुकत फिरावे, अशी त्यामागची भूमिका.

३/ नागाकुतेमध्ये ही कल्पना एका घरापर्यंत पोहोचली. ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) मधील सात्सुकी आणि मेई या बहिणींचे घर २००५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जुन्या सुतारकामाच्या पद्धतींनी बांधण्यात आले. पाहुणे तिथले कपाटांचे खण उघडून पाहू शकतात.

४/ मात्र २००५ च्या प्रदर्शनाची मूळ योजना वेगळी होती. मुख्य स्थळ म्हणून शेजारच्या सेतो शहरातील ‘काइशो’ जंगल निवडले होते. प्रदर्शन संपल्यावर तिथे निवासी वसाहत उभारायची होती. ‘निसर्गाचे शहाणपण’ हा विषय घेतलेल्या प्रदर्शनासाठी जंगल तोडायचे, ही विसंगती स्थानिक नागरिकांनी आणि निसर्गप्रेमींनी सातत्याने मांडली.

५/ १९९९ मध्ये त्या जंगलात ‘ओओताका’ या शिकारी पक्ष्याचे घरटे आढळले. हा आपल्याकडील शिक्र्याचा मोठा भाऊबंद. जागतिक प्रदर्शनांवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही वसाहतीच्या योजनेवर बोट ठेवले. अखेर वसाहत रद्द झाली आणि मुख्य स्थळ नागाकुतेच्या जुन्या युवक उद्यानात हलवण्यात आले. सात्सुकी-मेईचे घर तिथेच उभे राहिले.

६/ त्याच उद्यानात १ नोव्हेंबर २०२२ रोजी घिबली पार्क सुरू झाले. रेल्वेचा डबा असलेले दालन पूर्वीच्या जलतरण तलावाच्या इमारतीत आहे. नवे जंगल न तोडता जुन्या वास्तूचा केलेला हा वापर, वरचा वाद लक्षात घेतला की अधिक अर्थपूर्ण ठरतो.

७/ तोतोरोची खरी भूमी तोक्यो आणि साइतामा यांच्या सीमेवरील सायामा टेकड्या होय. शहर वाढत गेले तशी ही झाडी तुटू लागली. १९९० मध्ये नागरिकांनी निधी उभारला, देणग्या गोळा केल्या आणि १९९१ मध्ये जंगलाचा पहिला तुकडा विकत घेतला. त्याला ‘तोतोरोचे जंगल क्रमांक १’ असे नाव दिले. आज अशा तुकड्यांची संख्या पन्नासहून अधिक आहे.

८/ २०२३ मध्ये पार्कमध्ये ‘मोनोनोके गाव’ खुले झाले. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) हा चित्रपट मध्ययुगीन जपानात घडतो. लोहवाळू आणि लाकडी कोळसा यांपासून लोखंड बनवणारी वस्ती आणि जंगलाचे देव यांच्यातला हा संघर्ष. लोखंडाची प्रत्येक भट्टी जंगल खाते, हे त्यातले इतिहाससत्य. जुन्या चांदा जिल्ह्यातही गावठी भट्ट्यांत लोखंड गाळले जाई आणि त्यासाठी कोळसा जंगलातूनच येई.

९/ चित्रपटाचे मोठेपण असे की त्यात सरळसोट खलनायक नाही. जंगल तोडणारी एबोशी हीच कुष्ठरोग्यांना आणि वेश्यावस्तीतून सोडवलेल्या स्त्रियांना आसरा देते. चंद्रपूरकराला येथे वरोऱ्याचे आनंदवन आठवणे साहजिक आहे. फरक इतकाच, की एबोशीमध्ये परस्परांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन निष्ठा बाबा आमटे यांच्या आयुष्यात एकत्र आल्या.

१०/ गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणे प्रस्तावित होती. त्यांच्या पाण्याखाली मोठे जंगल आणि आदिवासी गावे जाणार होती. त्याविरोधात १९८० च्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यात बाबा आमटे होते आणि या भागातील आदिवासीही होते. ती धरणे झाली नाहीत.

११/ धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने याच काळात पुढचा प्रश्न विचारला : जंगल वाचले, पण ते कोणाचे? गावाने तरुणांच्या गोटुलची इमारत लाकडात पुन्हा उभारली. लाकूड बेकायदा ठरवून वनखात्याने ती पाडली. गावाने माघार घेतली नाही. नागाकुतेतले लाकडी घर पाहताना ही इमारतही डोळ्यांपुढे असावी. एक आठवणीतले घर जपण्यासाठी बांधले गेले. दुसरे वापरातले घर होते, आणि तेच अपराध ठरले.

१२/ ‘मावा नाटे, मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही मेंढ्याची घोषणा. गावाचे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक.

१३/ तरीही बांबू अडला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना ‘झाडा’त होती, तर २००६ च्या कायद्याने त्याला गौण वनोपज मानले. जुन्या व्याख्येवर बोट ठेवून वाहतूक परवाना नाकारला जाई. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या वतीने देवाजी तोफा यांच्या हाती दिले. परवाना देण्याचा अधिकार गावाकडे आला.

१४/ येथे दोन वाटा दिसतात. सायामाच्या नागरिकांनी जंगल विकत घेतले, कारण जमीन खाजगी होती आणि त्यांच्यापाशी देणग्या होत्या. मेंढ्याने जंगल विकत घेतले नाही. ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणे चालत आले, त्याचा हक्क कागदावर आणला. एका ठिकाणी पावती हा पुरावा ठरला, दुसऱ्या ठिकाणी गावाची स्मृती आणि ग्रामसभेचा ठराव.

१५/ प्रेक्षकाला चित्राच्या आत नेणारे प्रदर्शन त्याला तासाभरासाठी जंगलाचा रहिवासी करते. ही अनुभूती खोटी नाही. सायामाच्या तुकड्यांना तोतोरोचे नाव मिळाले ते तिच्याच बळावर. पण नागाकुतेच्या दालनात ओओताकाचे घरटे दिसत नाही आणि मेंढ्याचे परवान्यांचे पुस्तक कोणत्याही पडद्यावर झळकलेले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा प्रदर्शनात शिरताना हा न दिसणारा भाग सोबत न्यावा.

१६/ आणि बांबूचे पुढे काय झाले? २०१७ मध्ये १९२७ च्या अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्दच वगळण्यात आला. मेंढ्याच्या ग्रामसभेने ही गोष्ट त्याआधी सहा वर्षे व्यवहारात आणली होती.