काठीवरचा साप आणि पंधरा ओळी

पारनेरकडच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाऊस पडला की सापाचा फोटो येतो. साप बहुतेक वेळा काठीवर लोंबकळत असतो. खाली प्रश्न : “विषारी होता का?” म्हणजे आधी मारायचा, मग विचारायचं.

जगभर काही फोटोग्राफर रात्र-रात्र ओल्या जंगलात फिरतात ते फक्त गोगलगायी खाणाऱ्या सापांसाठी. असे साप आपल्या ईशान्येतही आहेत. महाराष्ट्रात तसाच एककल्ली खवय्या म्हणजे अंडीखाऊ साप. हा पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो. दात जवळपास नाहीतच. अंडं अख्खं गिळायचं, मानेतल्या मणक्यांची टोकं घशात आलेली असतात त्यांवर ते फोडायचं, रस पोटात घ्यायचा आणि कवच बाहेर टाकायचं. माणसाला याच्यापासून काही धोका नाही.

त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८६३ मध्ये राइनहार्ट या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने केलं. साप होता रंगपूरचा, म्हणजे आताच्या बांगलादेशातला. त्याला नाव दिलं एलाकिस्टोडॉन, अर्थ ‘सगळ्यात लहान दातांचा’. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ संग्रहालयांत मोजकेच नमुने जमले. वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीत बसवलं. पण जिवंत साप दिसला तर ओळखणार कोण?

२००५ मध्ये अशोक कॅप्टन, पराग दांडगे आणि दोन जर्मन अभ्यासकांनी मिळून एक छोटा शोधनिबंध छापला : महाराष्ट्रातली या सापाची पहिली नोंद. जागा वर्धा जिल्हा. घनदाट जंगल नव्हे, माणसांच्या वहिवाटीतला मुलूख. साप काही त्या वर्षी तिथे राहायला आला नव्हता. लोकांनी त्याला पाहिलं असणारच, मांजऱ्या समजून सोडलं किंवा ठेचलं असणार.

गंमत अशी, की त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. २०१८ मध्ये डीएनए तपासल्यावर हा साप मांजऱ्याच्याच कुळातला निघाला आणि त्याचं शास्त्रीय नाव बोइगा वेस्टरमानी झालं. दीडशे वर्षं मिरवलेलं ‘लहान दातांचं’ नाव गेलं. मला त्याचं जरा वाईटच वाटलं.

तरी दोघांत फरक आहे, आणि तो फोटोत दिसतो. अंडीखाऊच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत फिकट पट्टा असतो, कण्यावरचे खवले ठळक मोठे असतात. शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या १५ ओळी असतात. आपल्या नेहमीच्या मांजऱ्याला साधारण २१. त्यासाठी साप हातात घ्यायची गरज नाही, पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडणं गुन्हाही आहे. लांबूनच झूम करून पाठीचा एक, डोक्याचा वरून एक आणि बाजूने एक असे तीन स्वच्छ फोटो मिळाले तरी जाणकाराला पुष्कळ सांगता येतं.

गेल्या पावसाळ्यात ग्रुपवर आलेल्या एका फोटोत पाठीवर फिकट रेघ होती. मी झूम करून ओळी मोजायला बसलो. नऊपर्यंत पोचलो, पुढे फोटो हललेला. डोक्याचा तर चेंदामेंदा झाला होता. टाकणाऱ्याला फोन करून विचारलं, साप कुठंय? तो म्हणाला, “दादा, तो तर सकाळीच जाळला.”