शारदा सदन

शारदा सदन : पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेली निवासी शाळा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाली. पुढच्याच वर्षी पुण्यास हलली. पुढे आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई या तिच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनात मात्र धर्मशिक्षण नाही, असा करार होता. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तीही दार उघडे ठेवून. मुली येऊन बसू लागल्या. केसरी वृत्तपत्राने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. उघड्या दाराने करार मोडला की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही. टीकाकारांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण आपली श्रद्धा लपवून पाठिंबा टिकवणे रमाबाईंना खोटेपणाचे वाटले. हीच रोखठोक वृत्ती त्यांनी सरकारशीही ठेवली : १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले.

त्याच सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि दौंडजवळील केडगावी वसवल्या. तेथे अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग निघाला, तसेच समाजाने ‘पतित’ ठरवलेल्यांसाठी ‘कृपा सदन’ नावाचा. मुक्ती मिशन नावाची ही संस्था आजही केडगावात चालू आहे.