बालनिरीक्षण

बालनिरीक्षण म्हणजे लहान मुलाच्या खेळाची, बोलण्याची व हालचालींची, त्यांवर बरेवाईट असा शेरा न मारता केलेली पाहणी व नोंद होय. सहा वर्षांखालील मुलाची लेखी परीक्षा घेता येत नाही व स्वतःविषयी ते फारसे सांगूही शकत नाही; म्हणून या वयात त्याचा विकास जाणून घेण्याचे हे प्रमुख साधन ठरते.

इतिहास

चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाच्या बाल्यातील नोंदी १८७७ साली प्रसिद्ध केल्या. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी निरीक्षण हा शिक्षिकेच्या कामाचा पाया मानला. गुजरातेत गिजुभाई बधेका व महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हा विचार रुजविला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला नेण्यात आले. तेथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी होत्या. दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसून आले. 'यांना शिक्षणाची आवड नाही' असा सोपा निष्कर्ष न काढता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि 'अंगणवाडी' ही कल्पना आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, तीही याच दृष्टीतून.

निरीक्षण आणि शेरा

'मूल हट्टी आहे' हा शेरा झाला. 'शेजारच्या मुलाने ठोकळा घेतल्यावर ते खाली बसून रडले. थोड्या वेळाने स्वतःच उठून वाळूत खेळू लागले' ही नोंद झाली. नोंदीत दिनांक, वेळ, जागा, जवळ कोण होते हे लिहितात व मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपतात. एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढत नाहीत. 'ढ' हे एक अक्षर मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना चिकटत आले आहे. ते एकदा चिकटले की शिक्षकाला पुढे तेवढेच दिसू लागते.

विकासाच्या टप्प्यांचा आवाका मुळातच मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार निरोगी मूल सुमारे ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराविना चालू लागते. या अभ्यासात भारतातील मुलेही होती. त्यातील सुमारे ४ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव आदी तालुक्यांत कोलाम समाजाचे पोड आहेत. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा आहे. पुसद, दिग्रस भागातील बंजारा तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. अंगणवाडीचा व्यवहार मात्र प्रायः मराठीत चालतो. त्यामुळे पोडावरचे तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत गप्प बसले, तर ते 'मंद' किंवा 'लाजाळू' ठरण्याचा धोका असतो. वास्तविक तेच मूल घरी आजीशी कोलामीत अखंड बोलत असू शकते.

उलट चूकही तितकीच घातक आहे. 'भाषा वेगळी आहे, बोलेल हळूहळू' असे म्हणून ऐकू न येणारे मूल वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहू शकते. गप्प बसणारी ही दोन मुले वरवर सारखीच दिसतात. त्यांतील भेद नोंदींतूनच कळतो. मूल घरच्या भाषेत बोलते का, पाठीमागे ताट पडल्यास वळून पाहते का, खेळात इतरांना खुणावते का, हे अंगणवाडीत व घरी दोन्हीकडे पाहावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील पहाटेच शेतावर जातात; तेव्हा मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या आजीला किंवा थोरल्या बहिणीला विचारणे अधिक उपयोगी पडते.

शेरा टाळणे म्हणजे उणीव न पाहणे नव्हे. विकासातील विलंबाची शंका आल्यास २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी करून घेता येते. त्या वेळी 'बोलत नाही' एवढ्या शब्दांपेक्षा दिनांकवार नोंदी डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतात.