ठासणीची बंदूक आणि डावा खांदा : मावळातील एका प्रश्नाचा मागोवा

लोहगडाच्या दरवाजांच्या परिसरातील तटबंदी पाहत असता पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. हा विद्यार्थी डावखुरा आहे. तटातील एका जंगीपुढे तो बंदूक रोखल्याच्या पवित्र्यात उभा राहिला, आणि त्याची ती काल्पनिक बंदूक अर्थातच डाव्या खांद्यास लागली. "माझ्यासारखा मावळा इथे पहाऱ्यावर असता, तर त्याला कोणती बंदूक मिळाली असती?" असे त्याने विचारले. बरोबरचे विद्यार्थी हसले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आजच्या मोजणीप्रमाणे दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. शिक्षणाच्या व संस्काराच्या दडपणाने पूर्वी हे प्रमाण व्यवहारात कमी दिसत असेल. तथापि जन्मतः ते काही निराळे असण्याचे कारण नाही. म्हणजे हजार मावळ्यांच्या जमावात शंभरांच्या आसपास माणसे अशी होती, की ज्यांचा पहिला हात डावा. या माणसांचे बंदुकीशी कसे जमत असे, हा इतिहासाचाच प्रश्न होय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बंदुकीपूर्वीच्या बहुतेक हत्यारांना बाजू नव्हती. तलवार, भाला, कट्यार, पट्टा यांची मूठ दोन्ही अंगांनी सारखी. डावखुऱ्याने ढाल उजव्या हाती घेतली व तलवार डाव्या, की काम भागले. किंबहुना प्रतिपक्षास अशा वाराची सवय नसल्याने त्याचा लाभच होई. धनुष्याचेही तेच. महाभारतकाराने अर्जुनास 'सव्यसाची' म्हटले ते डाव्या हातानेही बाण सोडण्याच्या कौशल्याबद्दल, आणि ते गौरवाने म्हटले. हत्याराला स्वतःची अशी बाजू आली ती बंदुकीबरोबर.

ही बाजू नेमकी कोठे असते, ते ठासणीच्या बंदुकीची रचना पाहिल्यावाचून कळणार नाही. आपल्याकडील तोड्याची बंदूक ही ठासणीच्या बंदुकीची जुनी जात. तिची लांबी बहुधा पाच ते सहा फूट. शिंगड्यातील दारू तोंडातून नळीत ओतावयाची, वर गोळी सोडावयाची आणि गजाने ठासावयाची. नळीच्या मागच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते, तोच काना. कान्यालगत बाहेरून एक लहानशी वाटी, तीत रंजक म्हणजे बारीक दारू. पेटता तोडा चापात अडकविलेला असतो. कळ ओढली की चाप दस्त्याच्या फटीतून पुढे झुकतो आणि तोडा रंजकावर टेकतो. रंजक भडकते, ज्वाला कान्यातून आत जाते आणि बार होतो. काना हा शब्द तोफेस व बंदुकीस समान आहे. पावसाळ्यात तोफांचे काने मेणाने भरून ठेवावेत, ही आज्ञापत्रातील सूचना अनेकांच्या वाचनात असेल. ज्याने लोणावळ्याचा पाऊस पाहिला आहे (वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक), त्यास ती सूचना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या रचनेत डावे-उजवे किती आहे? युरोपीय बंदुकीचा दस्ता गालाच्या सोयीसाठी एका अंगास किंचित वळविलेला असू शकतो. आपल्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता मात्र सडपातळ, सरळ आणि दोन्ही अंगांनी सारखा असतो. चाप दस्त्याच्या पोटात, मध्यभागी. नळीच्या आतील पिळाचा (ज्यामुळे 'रायफल' हे नाव पडले) हाताशी काही संबंध नाही. शिवाय आपल्या ठासणीच्या बंदुका बहुतांशी गुळगुळीत नळीच्याच. उरतात ती दोनच अंगे : काना आणि रंजकाची वाटी. ही दोन्ही नळीच्या उजव्या बाजूस असतात. तोड्याच्या बंदुकीचे उजवेपण एवढ्या तसूभर जागेत सामावलेले आहे.

पण ती तसूभर जागा फार महत्त्वाची. उजव्या खांद्याचा माणूस आपला उजवा गाल दस्त्याच्या डाव्या अंगास टेकवितो. वाटी नळीच्या पलीकडे राहते आणि रंजकाचा भडका त्याच्यापासून दूर, उजवीकडे जातो. मध्ये लोखंडी नळीची आड असते. डाव्या खांद्याच्या माणसाचे सर्व उलट होते. त्याचा डावा गाल दस्त्याच्या उजव्या अंगास लागतो, आणि वाटी त्याच्या डोळ्यांसमोर, वीतदीड वितीच्या अंतरावर येते. मध्ये आड काही नाही. भडका, धूर आणि न जळलेल्या दारूचे कण तोंडावर येण्याचा धोका. बार होणार त्या क्षणी डोळा मिटला तर नेम चुकणार. उघडा ठेवला तर डोळ्याचे भय. म्हणजे डावखुऱ्यास ही बंदूक चालविता येत नव्हती असे नाही. चालविता येई, पण तिची किंमत चेहऱ्याने मोजावी लागे. दुसरा मार्ग उजवा खांदा शिकून घेण्याचा. बहुतेकांनी तोच पत्करला असणार, असे मला वाटते. मात्र लहानपणी ज्याच्या डाव्या हातातील लेखणी काढून उजव्या हातात दिली गेली, त्यास हे शिकणे किती सोपे असते याविषयी स्वतंत्र मत असते. प्रस्तुत लेखक त्यांपैकी एक आहे.

या ठिकाणी भाषेकडे वळणे प्राप्त आहे. कारण या अदृश्य माणसांविषयी भाषा काही बोलते. मराठीतील 'उजवा' हा शब्द संस्कृत 'ऋजु', प्राकृत 'उज्जु' या वाटेने आलेला. म्हणजे उजवा तो सरळ. 'हा त्याहून उजवा आहे' यात सरळपणाचा श्रेष्ठपणा झाला, आणि 'कूस उजवणे' यात तो साफल्यापर्यंत पोचला. 'डावा' हा मात्र देशी शब्द. हेमचंद्राने बाराव्या शतकात देशीनाममालेत 'डव्व' हा शब्द डाव्या हाताच्या अर्थी नोंदविला आहे. 'डावखुरा' यात तर माणसाच्या हाताला जनावराचा खूर जोडला गेला. सर्वांत बोधप्रद प्रवास 'सव्य' या शब्दाचा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ डावा. यज्ञोपवीत डाव्या खांद्यावर असते, ती देवकार्याची स्थिती सव्य. पितृकार्यात ते उजव्या खांद्यावर घ्यावयाचे, ते अपसव्य. देवकार्याचे ते योग्य, आणि योग्य ते उजवे, अशा पायऱ्यांनी मराठीत सव्य म्हणजे उजवे असा अर्थ रूढ झाला. शब्दाने खांदा बदलला, आणि तो बदलल्याचे बोलणाऱ्यांच्या ध्यानीही राहिले नाही. लोहगडावरील त्या मावळ्याचेही असेच झाले असावे.

बंदुकीची परिभाषा मराठीत विपुल आहे. तोडा, जामगी, रंजक, काना, चाप, गज, दस्ता, शिंगडा हे शब्द एकीकडे, आणि 'ठासून सांगणे', 'फुसका बार', 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे' हे वाक्प्रचार दुसरीकडे. (तो खांदा डावा की उजवा, हे म्हण सांगत नाही.) तोड्याची, चकमकीची, टोपीची, एकनळी, दुनळी असे बंदुकीचे भेद पेटविण्याच्या रीतीवरून व नळ्यांवरून पडले, हातावरून पडलेला भेद या रूढ नावांत नाही.

मावळातच, १७७८-७९ च्या हिवाळ्यात, या प्रश्नास निराळे वळण देणारी सेना घाट चढून आली. मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाटाने खंडाळ्यावरून कार्ल्यास पोचली. तेथे कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा 'इष्टुर फाकडा', तोफेच्या गोळ्याने पडला. तळेगावापर्यंत जाऊन ११ जानेवारीच्या रात्री फौज माघारी फिरली, आणि वडगाव येथे मराठ्यांच्या वेढ्यात सापडून तिने तह केला. राजकीय इतिहासात या घटनेचे विवेचन पुष्कळ झालेले आहे. आपणास येथे पाहावयाची आहे ती त्या फौजेच्या हातातील चकमकीची बंदूक. तीही ठासणीचीच, पण तिचे उजवेपण तसूभर नव्हते. चाप, गारगोटी, पोलादी पात व रंजकाची वाटी हा सारा खटाटोप एका पट्टीवर बसवून बंदुकीच्या उजव्या कुशीस जडविलेला असे. त्याहून महत्त्वाची होती ती कवाईत. खांद्यास खांदा लावून उभ्या राहणाऱ्या रांगेत प्रत्येकाची बंदूक एकाच खांद्यास लागली पाहिजे, गज एकाच वेळी एकाच हाताने निघाला पाहिजे. एक जण डाव्या खांद्यावर गेला तर त्याचे कोपर शेजाऱ्यास अडणार, आणि शेजाऱ्याच्या रंजकाचा भडका त्याच्या तोंडाशी येणार. युरोपात १६०७ सालीच याकोब द गेन याच्या सचित्र पुस्तकाने बंदूक भरण्याची व झाडण्याची एकेक स्थिती ठरवून दिली होती. 'कवाईत' हा शब्द अरबी 'कवाइद'वरून आला. 'काइदा' याचे ते अनेकवचन. उर्दूत व्याकरणासही कवाइद म्हणतात. रांगेच्या या व्याकरणात डाव्या खांद्याचे रूपच नव्हते.

वडगावास मराठ्यांचा जय झाला, परंतु कवाईत मराठ्यांनी त्याआधीच जवळ केलेली होती. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखानाचे गारदी लढले ते कवाइती पायदळ म्हणून. आणि १७८४ नंतर महादजी शिंद्यांनी द ब्वाञकडून पलटणी तयार करून घेतल्या. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात तलवारीचा मावळा आणि बंदुकीचा हेटकरी असा फरक केला आहे. तो जुन्या पायदळाचा फरक होय. जंगीआड एकट्याने बसून नेम धरणारा माणूस आपला खांदा आपण निवडू शकत होता. पलटणीतल्या माणसास ती मुभा उरली नाही. माझ्या मते आपल्याकडील डावखुऱ्या बंदुकचीच्या इतिहासाचा खरा सांधा येथे आहे. मार्च १८१८ मध्ये विसापूर व त्यापाठोपाठ लोहगड इंग्रजांच्या हाती गेले आणि मावळात जंगीआडच्या नेमबाजीचा काळच संपला.

येथे कोणी म्हणेल, की काना उजवीकडे असणे ही निसर्गाचीच योजना. बहुसंख्य उजवे, म्हणून बंदूक उजवी. सिंहलद्वीपातील जुन्या बंदुका या तर्कास अडथळा आणतात. पोर्तुगीज वळणाचा चाप असलेल्या, दुभंगलेल्या दस्त्याच्या त्या बंदुकांवर चाप आणि वाटी डाव्या बाजूस बसविलेली आढळते. तेथील लोक डावखुरे होते, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. एका प्रदेशातील कारागिरांनी एक रीत धरली आणि ती चालू राहिली. म्हणजे बंदुकीची बाजू ही पुष्कळ अंशी परंपरेची बाब आहे. डावा चाप घडविणे कारागिरास अवघड होते असेही नाही. दुनळी ठासणीच्या बंदुकीत दोन चाप लागतात, एक उजव्या कुशीस व एक डाव्या. अशी प्रत्येक बंदूक घडविताना एक डावा चाप घडवावाच लागे. कौशल्य होते, मागणी नव्हती. आज इटलीतील कारखाने जुन्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुका डाव्या चापासहही बनवितात, त्या मुख्यतः परदेशांतील हौशी नेमबाजांसाठी. आपल्याकडे ठासणीची बंदूक उरली ती शेतकऱ्याच्या घरी, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे.

तेव्हा डाव्या हातासाठी घडविलेली बंदूक मावळात शोधण्यापेक्षा उजवी बंदूक डाव्या खांद्यावरून चालविली गेल्याच्या खुणा शोधणे अधिक फलदायी ठरेल. अशा खुणा वस्तूवर राहतात. गालाच्या घर्षणाने दस्त्याच्या एका अंगावरील लाख वा रंग अधिक झिजतो. उजव्या खांद्याच्या मालकाची बंदूक डाव्या अंगास झिजलेली असेल. ज्या बंदुकीचे उजवे अंग झिजले आहे ती बाजूस काढून पाहावी. कान्यापाशी लाकूड जळलेले असतेच, त्यावरून काही ठरत नाही. आणि दुरुस्तीत दस्ता बदललेला असल्यास सर्वच पुरावा गेला. एकदोन बंदुकांवरून निष्कर्ष काढू नये, हे सांगणे नलगे. संग्रहालयांच्या छायाचित्रांत बंदूक बहुधा उजव्या अंगाने दिसते, कारण पाहण्यासारखे सारे तिकडे. पण गालाची ही झीज ताडून पाहावयास दोन्ही अंगे लागतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून डावे अंगही पाहण्याची परवानगी मागावी.

दुसरा पुरावा दगडाचा. जंगीच्या डाव्या अंगास बुरुजाची भिंत चिकटून असेल, तर उजव्या खांद्याच्या माणसाचे धड तेथे मावत नाही. डाव्या खांद्याचा माणूस मावतो. अशा जागी पहाऱ्यास कोण बसे, हा प्रश्न निदान विचारता येतो. त्या विद्यार्थ्याने लोहगडावरील आपल्या जंगीचे माप घेतले आहे : रुंदी, तिरपेपणा, आणि दोन्ही अंगांस भिंतीपर्यंतचे अंतर. विसापूर, तुंग आणि तिकोना येथील मापे पाऊस उघडल्यावर घ्यावयाची आहेत.