'दावा' म्हणजे नेमकं काय? एक शब्द, अनेक अर्थ

'व्हायरल व्हिडिओत दावा', 'विम्याचा दावा', 'वनहक्क दावा'... मोबाईलवर हा शब्द रोज दिसतो. पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ सारखा नसतो.

शब्द आला कुठून?

'दावा' हा मूळचा अरबी शब्द, फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ हाक मारणे, बोलावणे. 'दुआ' आणि 'दावत' हे शब्दही त्याच धातूचे.

मराठीतले अर्थ

• कोर्टात: दिवाणी खटला. 'दावा दाखल केला.'
• विम्यात: भरपाईची मागणी.
• बातमीत: अजून सिद्ध न झालेलं विधान.
• बोलण्यात: वैर. 'जुना दावा साधला.'

गुरं बांधायचं दावं मात्र वेगळं. ते संस्कृत 'दाम'वरून आलं. 'वाट दावा' मधलं क्रियापद आणि 'दावानल' यांचाही या शब्दाशी संबंध नाही.

नंदुरबारमध्ये 'दावा' म्हणजे?

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या सातपुड्यातल्या तालुक्यांत हा शब्द कसत असलेल्या वनजमिनीशी जोडलेला आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणारं आदिवासी कुटुंब त्या जमिनीच्या हक्कासाठी दावा करू शकतं. मर्यादा जास्तीत जास्त ४ हेक्टर. दावा आधी ग्रामसभेकडे जातो. गावाची वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते. पुढे उपविभागीय समिती तपासते आणि जिल्हास्तरीय समिती निर्णय देते. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो.

फरक का महत्त्वाचा?

बातमीतला 'दावा' वाचताना आपण शंका घेतो, आणि ते योग्यच. पण तीच शंका 'वनजमिनीवर दावा' या मथळ्याला लावली, तर कुणीतरी जमीन बळकावतंय असं वाटतं. प्रत्यक्षात इथे नवी जमीन मागितलेली नसते. आधीपासून कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क मान्य करा, असा तो कायदेशीर अर्ज असतो. पडताळणी पूर्ण होईपर्यंत अशा कुटुंबाला जमिनीवरून काढता येत नाही. खालच्या समितीने दावा फेटाळला, तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

म्हणून पोस्ट पुढे पाठवण्याआधी बघा: हा 'दावा' बातमीतला आहे की कायद्यातला?